पायथॉनमधला सी कोड चुकतो, तेव्हा दोष शोधायचा कसा?

बीड जिल्ह्यात 11 तालुके आहेत. समजा, आष्टीपासून परळीपर्यंत सगळ्या तालुक्यांच्या पावसाची सरासरी काढायची आहे. आकडेमोड सी भाषेत, बाकी काम पायथॉनमध्ये. प्रोग्राम चालतो, एररही येत नाही, पण सरासरी चुकते. दुष्काळी भागात असा आकडा खरा मानला गेला, तर ती चूक महागात पडू शकते.

दोन भाषा कशासाठी?

पायथॉन लिहायला सोपी, पण मोठ्या आकडेमोडीत संथ. म्हणून जड काम वेगवान सीकडे सोपवतात. 'नमपाय' ही प्रसिद्ध लायब्ररी हेच करते.

चूक लपते कुठे?

11 आकड्यांच्या यादीतला बारावा आकडा मागितला, तर पायथॉन लगेच एरर देते. सी अशी राखण करत नाही. तिथे मोजणी 0 पासून होते, म्हणजे 11 तालुक्यांचे क्रमांक 0 ते 10. लूप चुकून 11 पर्यंत गेला, तर शेजारच्या मेमरीत जे असेल ते बेरजेत मिसळतं. कधी 'सेगमेंटेशन फॉल्ट' येऊन प्रोग्राम बंद पडतो. ते एका अर्थी बरंच, कारण चूक निदान दिसते.

दुसरी जागा म्हणजे दोन भाषांचा सांधा. पायथॉनमधलं 'सीटाइप्स' मॉड्यूल सी फंक्शनचं उत्तर पूर्णांक आहे असं गृहीत धरतं. उत्तर दशांशात येणार हे सांगितलं नाही, तर भलताच आकडा मिळतो.

शोध कसा घ्यायचा?

1. सी फंक्शन वेगळं काढून छोट्या सी प्रोग्राममधून चालवा. प्रत्येक तालुक्याला 10 मिलिमीटर पाऊस दिला, तर सरासरी 10 यायला हवी.

2. 10 आली तरी निर्धास्त राहू नका. शेजारच्या मेमरीत शून्य असेल, तर चूक झाकली जाते. हाच प्रोग्राम 'अ‍ॅड्रेस सॅनिटायझर' लावून कंपाइल करा. हद्दीबाहेरचं वाचन तो पकडतो. डीबग माहितीही ठेवली असेल, तर ओळ क्रमांकही सांगतो.

3. इथे सगळं ठीक असेल, तर सांधा तपासा. फंक्शनला काय दिलं जातं आणि ते काय परत करतं, हे दोन्हीकडे सारखंच लिहिलंय का?

4. प्रोग्राम बंदच पडत असेल, तर पायथॉन 3.3 पासून असलेलं 'फॉल्टहँडलर' पायथॉनची ओळ दाखवतं. सीमधली ओळ शोधायला 'जीडीबी' हा डीबगर वापरतात.