घळीची वाट : नाणेघाट, सांधण आणि आपला डोंगर

मंडळी, आपण बसलोय दिंडोशीत. मागे डोंगर, त्याच्या पलीकडे राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी. ज्या ओढ्याच्या दोन्ही अंगांना ती कोरली आहेत, तो उन्हाळ्यात कोरडा असतो. आपण गप्पा मारत त्यातून पलीकडे जातो. जुलैत जाऊन दाखवा!

सह्याद्रीत पाण्याची वाट आणि माणसाची वाट पुष्कळदा एकच असते. कातळाला भेग पडते, पावसाचं पाणी ती कोरत नेतं आणि उरलेले आठ महिने ती उतरायला मोकळी असते. तिला कुठे नाळ म्हणतात, कुठे घळ.

नाणेघाटच घ्या. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारा सातवाहनांचा हा व्यापारी मार्ग. माथ्यावर दोन कातळभिंतींमधली अरुंद खिंड, पायाखाली दगड. तोंडाशी गुहा आणि तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख: यज्ञ, गाई, घोडे, कार्षापणं, सगळं आकड्यांनिशी. अभ्यासक या लेखावर तुटून पडतात, ते योग्यच. पण आम्हाला विचाराल तर तिथली खोदलेली पाण्याची टाकी तितकीच बोलकी आहेत. कान्हेरीच्या लेखांतही कल्याण-सोपाऱ्याचे दाते भेटतात, आणि लेण्यांसोबत ‘पोढी’, म्हणजे पाण्याचं टाकं, दान दिल्याचे उल्लेख येतात. घळीत पाणी एक तर अति, नाही तर नाहीच. हा हिशेब त्या लोकांनी दगडात मांडून ठेवला होता.

आज पाठीवर सॅक घेऊन आपली मुलं जातात ती सांधणला. भंडारदऱ्याच्या पुढे साम्रद गाव, तिथून ही चिंचोळी दरी कोकणाकडे उतरते. दोन्ही भिंती इतक्या जवळ की ऊन जेमतेम तळाला पोचतं, आणि हिवाळ्यातही मध्ये पाण्याचे डोह पार करावे लागतात. पावसाळ्यात ही वाट नसतेच, ती नदी असते.

अमेरिकेच्या वाळवंटात पारिया नदीच्या दऱ्यांतून लोक असेच दिवसचे दिवस पाण्यातून चालतात. तिथला खडक वालुकाश्म, आपला काळा बेसॉल्ट. धोका मात्र तोच. ऑगस्ट १९९७ मध्ये ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अचानक लोंढा आला आणि ११ पर्यटक बुडाले. पाऊस दरीत नव्हता, कित्येक मैल वर पडला होता.

वर पडलेलं पाणी खाली येतंच. आपल्या इथेही या डोंगराच्या उतारावरून ते दर पावसाळ्यात येतं. फक्त त्याच्या वाटेत आता घरं आणि भिंती आहेत. २ जुलै २०१९ ला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, मुसळधार पावसात मालाड पूर्वेला अशीच एक भिंत पडली. खाली पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगरातली माणसं झोपलेली होती.