भात, भाकरी आणि ल्यूसिन

वसई-विरारच्या किनारपट्टीवर जेवण म्हणजे भात, जोडीला ताजी मासळी नाहीतर सुका बोंबील. घाट ओलांडून दख्खनच्या पठारावर गेले की ताटात ज्वारीची भाकरी येते. भात आणि भाकरी यांतील या फरकाने विसाव्या शतकात पोषणशास्त्रज्ञांना कोड्यात टाकले होते.

पठारावरील गरीब शेतमजुरांत ‘पेलाग्रा’ आढळे. उन्हाला उघडी राहणारी मान, हात, पाय यांची कातडी काळवंडून सोलवटे, जुलाब लागत, मन खचे. कधी भ्रमही होई. नाव इटालियन, अर्थ खरखरीत कातडी.

युरोप-अमेरिकेत हा मक्यावर जगणाऱ्यांचा रोग. नायसिन या जीवनसत्त्वाने तो बरा होतो हे १९३७ नंतर स्पष्ट झाले. १९४५ मध्ये कळले की ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लही ती उणीव भरून काढते. शरीर साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन घडवते. मक्यात ट्रिप्टोफॅन तोकडे, म्हणून रोग.

ज्वारीपाशी हे उत्तर अडले. तिच्यात ट्रिप्टोफॅनची तशी वाण नाही, नायसिनही तांदळाहून कमी नाही. तरी भातावर दिवस काढणारा गरीब सहसा वाचे आणि भाकरीवर जगणारा आजारी पडे.

१९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादेस आलेल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. गोपालन यांनी प्रश्न उलटा विचारला: ज्वारीत काय कमी आहे हे नव्हे, जास्त काय आहे? उत्तर होते ल्यूसिन. हेही आवश्यक अमिनो आम्ल; शरीर ते स्वतः बनवू शकत नाही, पण स्नायूंच्या घडणीसाठी ते हवेच. (आज व्यायामशाळांत भुकटीच्या डब्यांतून विकले जाते ते हेच.) १९६० मध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी मांडले की ल्यूसिनचा अतिरेक ट्रिप्टोफॅन-नायसिनचे गणित बिघडवतो. पुढे ल्यूसिन दिलेल्या कुत्र्यांत पेलाग्रासारखाच ‘काळी जीभ’ हा रोग दिसला.

सर्व शास्त्रज्ञांना हे पटले नाही. इतरत्रच्या काही प्रयोगांत तसा परिणाम आढळला नाही, ‘ब ६’ जीवनसत्त्वाचाही संबंध पुढे आला. वाद पुरता मिटलेला नाही. मात्र ज्वारीला बदनाम करणे अन्यायाचे ठरेल. त्याच पठारावर भाकरीसोबत दूध, डाळ, मांस परवडणाऱ्या घरांत पेलाग्रा क्वचितच शिरे. तो शिरे मजुराच्या घरी, जिथे भाकरीला जोड फक्त चटणीची होती.