गद्दी नसलेल्यांचा धंदा

दहावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू शाळेच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. सायन्स हुशारांचं, कॉमर्स मधल्यांचं आणि आर्ट्स उरलेल्यांचं, हा हिशोब घरीच करून लोक येतात. मागच्या वर्षी मंडईत हमाली करणारे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. पोराला अकरावीला कॉमर्स घ्यायचं होतं. बाप म्हणाला, "सर, धंदा किताब से आता क्या? वो तो गद्दी पे बैठ के आता. और अपने पास गद्दी किधर है?"

धंदा गद्दीवर बसूनच येतो, हे दुकानदार शतकानुशतकं सांगत आलेत. पण ज्याच्याकडे गद्दी नाही त्याचं काय, हा प्रश्न त्या बापाने नकळत विचारून टाकला. वाणिज्य हा शाळा-कॉलेजचा विषय कसा झाला याचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरतो.

सुरुवात करावी लागते ती उत्तर आफ्रिकेतल्या एका बंदरापासून. बाराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पिसा शहराचा एक अधिकारी बिजाया बंदराच्या जकातघरात काम करत होता. बिजाया आजच्या अल्जीरियात आहे. त्याने आपल्या मुलाला तिथे बोलावून घेतलं आणि हिशोब शिकायला बसवलं. अरब व्यापारी ज्यांना 'हिंदी अंक' म्हणत, ते अंक हा मुलगा तिथे शिकला. त्याचं नाव लिओनार्दो, आज आपण त्याला फिबोनाची म्हणून ओळखतो. १२०२ साली त्याने 'लिबर अबाची' लिहिलं. या पुस्तकात मालाची किंमत कशी काढायची, मालाच्या बदल्यात माल कसा द्यायचा, भागीदारीतला नफा कसा वाटायचा, नाण्यात चांदी किती, असली गणितं पानोपानी आहेत. पुढे इटलीच्या शहरांत फक्त व्यापारी गणित शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. दहा-अकरा वर्षांची पोरं तिथे साधारण दोन वर्षं घालवत. १४९४ मध्ये व्हेनिसला लुका पाचोली या ख्रिस्ती साधूचा ग्रंथ छापला गेला आणि त्यात द्विनोंदी पद्धत मांडलेली होती. ती त्याने शोधलेली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी पेढीवर जे करत होते तेच त्याने लिहून काढलं. पण लिहिलं आणि छापलं म्हटल्यावर ते पेढीबाहेर गेलं.

इथे माझ्यातला भाषेचा मास्तर गप्प बसत नाही. जमा, खर्च, बाकी, रक्कम, नफा, कर्ज, वसूल, हिशोब. मराठी वहीतले हे शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. अकरावीच्या एका विषयाचं नाव आहे 'चिटणीसाची कार्यपद्धती'. उर्दू शाळेतून आलेली पोरं ते वाचूनच घाबरतात. मी फळ्यावर 'चिटणीस' लिहितो, त्यातला 'नवीस' दाखवतो, म्हणजे लिहिणारा. मग शेजारी फडणीस लिहितो. पोरं हसतात आणि भीती थोडी कमी होते. याच ओघात सूरह बकराची २८२वी आयत आठवते. कुरआनमधली ही सर्वांत लांब आयत, आणि ती आहे उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल: मुदत ठरवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावं, साक्षीदार घ्या. आपण ती तिलावतीत ऐकतो, वहीत फारशी उतरवत नाही.

मुंबईत मात्र हे ज्ञान पेढीतच राहिलं. मेमन, खोजा, बोहरा, भाटिया, मारवाडी घरांतली पोरं बापा-काकांच्या हाताखाली तयार होत. शिक्षण पक्कं होतं यात शंका नाही, पण दार आतून बंद होतं. इंग्रजी कॉलेजांतून वकील आणि कारकून निघत होते. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघालं. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज अशी त्याची ओळख सांगितली जाते.

आणि पाच वर्षांनी तिथे अर्थशास्त्र शिकवायला कोण आलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२०. त्याआधी त्यांनी शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला होता. चरित्रकार सांगतात की सल्लागाराची जात कळल्यावर गिऱ्हाईकं येईनाशी झाली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला बाजाराने गद्दी नाकारली. वर्गात मात्र त्यांचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही येऊन बसत, असं सांगतात. प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यावरून तिथेही कुरबुर झालीच, पण वर्गाचं दार त्यांना बंद करता आलं नाही.

त्याच सुमारास, १९१४ मध्ये, जहाजमालक सर मोहम्मद यूसुफ यांनी मुसलमानांच्या शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्यातून १९३० मध्ये जोगेश्वरीला इस्माईल यूसुफ कॉलेज उभं राहिलं. अरबी-फारसीच्या अभ्यासासाठी त्याचं नाव झालं. देणगी मोठीच. पण मला राहून राहून वाटतं, तिजारतीवर जगणाऱ्या आपल्या श्रीमंतांना तिजारत ही वर्गात शिकवायची गोष्ट वाटलीच नसेल. त्यांच्या घरात ती आपोआप येत होती.

इंग्लंडलाही हे उशिराच सुचलं. सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी तिथे 'बिझनेस स्टडीज' हा परीक्षेचा विषय आला तो १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला, आणि सत्तरच्या दशकात महाराष्ट्राने दहा अधिक दोन ही रचना स्वीकारली. तोवर कॉमर्स म्हणजे मुख्यतः मॅट्रिकनंतरची, शहरातल्या कॉलेजची गोष्ट होती. आता ती तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात आली. शिकवतात कसं, हा वेगळा विषय. व्याख्या पाठ करून घेणारे मास्तर मी पाहिलेत. वर्षभरात एकदाही बँकेची खरी स्लिप हातात न घेतलेली पोरं बारावीला ऐंशी टक्के मिळवतात.

त्या हमालाच्या पोराला मी कॉमर्सच घ्यायला लावलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत भेटायला आला. हातात शंभरपानी वही. बापाची रोजची हमाली, मुकादमाकडून घेतलेली उचल, कापून गेलेले पैसे, सगळं डाव्या-उजव्या बाजूला मांडलेलं. दोन ठिकाणी बाजू चुकल्या होत्या, त्या मी पेन्सिलीने दुरुस्त केल्या. तरीही मुकादम सांगतो त्या आकड्यात आणि वहीतल्या बाकीत चारशे रुपयांचा फरक राहत होता.

"अब्बा विचारतायत," तो म्हणाला, "मुकादमची वही बघायला मागता येते का?"