उसाचा धूर आणि अकलूज

धुराची गोष्ट निघाली की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली येते, नाहीतर कॅलिफोर्नियातले वणवे. आज आम्ही बोलणार आहोत ते अकलूजच्या धुराबद्दल, आणि त्याची सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

अकलूज नीरेच्या काठी, पण माळशिरस तालुका मुळात कमी पावसाचा. 1928 साली भाटघरचं लॉइड धरण पुरं झालं, नीरा उजव्या कालव्याचं पाणी फिरलं आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी 1932 साली साखर कारखान्याची कंपनी काढली, त्यातून माळीनगर वसलं. शेजारी श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांचा कारखाना आला. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांनी अकलूजलाच सहकारी कारखाना उभा केला. हे सगळं तुम्ही स्मरणिकांतून वाचलेलं असेल. त्यात धूर मात्र कुठे सापडत नाही.

धूर आधीही होताच. चुलीचा होता, गुऱ्हाळाचाही होता. पण गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड जळायचं, तसं पाचटही जळायचं. काही छपरावर जायचं. ऊस कारखान्याला जायला लागला आणि पाचट फडातच राहिलं. एकरी तीन-चार टन! खोडवा ठेवायचा तर त्याचं करायचं काय? सरीत दाबायला मजूर लागतो, पाणी नीट पुढे सरकत नाही, उंदरांची भीती. काडीपेटीला काहीच लागत नाही. शेतकऱ्याला दोष देण्याआधी हा हिशेब मांडला पाहिजे. नीरेच्याच खोऱ्यात पाडेगावला 1932 पासून ऊस संशोधन केंद्र आहे. पाचट कुजवायचं तंत्र शेतकऱ्याला परकं नाही. अडतं ते त्या आठवड्यातल्या मजुरीपाशी.

आता कायदा पाहू. मुंबईत धुराविरुद्ध कायदा झाला 1912 साली. त्याची नजर भट्ट्यांवर आणि चिमण्यांवर होती. 1981 च्या हवा प्रदूषण कायद्याचा भरही कारखान्यांवरच राहिला. त्याचा फायदा झाला, नाही असं नाही. कारखान्याच्या धुराड्याला आज यंत्रं बसतात. 2019 चा राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला तो शहरांसाठी. त्यात सोलापूर आहे. पण सोलापूर अकलूजपासून शंभराहून जास्त किलोमीटर लांब! तिथल्या आकड्यावरून इथल्या दमेकरी म्हाताऱ्याने आज रानात जावं की नाही, हे कसं कळणार?

आणि इथेच आम्हाला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. वणवा सांगून येत नाही. उसाचा धूर सांगून येतो! गाळप हंगाम ठरलेला, साधारण दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. नेमकी तेव्हाच थंडी असते, पहाटे गार हवा जमिनीलगत बसते आणि संध्याकाळी पेटवलेल्या फडाचा धूर वर न जाता गावातच रेंगाळतो. त्यातले बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. बरं, कोणाच्या रानात तोड कधी, हे कारखान्याच्या शेती खात्याला माहीत असतं. ऊस नोंद असते, तोडणीचा प्रोग्राम असतो. म्हणजे धूर कुठे आणि साधारण कधी होणार, याची यादी तयार आहे. फक्त ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर जात नाही. ती गेली तर दम्याची औषधं आधी मागवता येतील, आशाताईंना घरं सांगता येतील, शाळेचा खेळाचा तास बदलता येईल. कुट्टी मशीनही त्याच यादीने फिरवता येईल.

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात तोडणीच्या आधीच ऊस पेटवत. तिथे 2002 साली कायद्याने मुदती घातल्या आणि 2007 साली कारखानदारांशी करार करून त्या अलीकडे ओढल्या. तिथे यंत्रं आली, तसं तोडणी मजुरांचं कामही गेलं, हेही सांगायला हवं.

आपल्याकडचे तोडणी मजूर बीड, अहिल्यानगरकडून येतात. पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत राहतात, आणि पहाटे तिथेच चूल पेटते. फडाचा धूर, चुलीचा धूर, कारखान्याजवळ तळ असेल तर धुराड्याची काजळी, तिन्ही एकाच पोराच्या छातीत जातात. त्या पोराची नोंद असते गावाकडच्या आरोग्य केंद्रात, आणि खोकला सुरू होतो इथे. धुराची यादी करायचीच झाली तर पहिलं पान या कोप्यांचं असावं, असं आमचं मत आहे.