भोंगा वाजायच्या आधी गेटवर कोण उभं असायचं?

आज कंपन्यांमध्ये एक शब्द सारखा कानावर पडतो, 'मनुष्यबळ नियोजन'. पुढच्या वर्षी किती माणसं लागतील, ती कुठून आणायची, याचा हिशोब. आपल्या सोलापुरात हा हिशोब दीडशे वर्षं जुना आहे. पण मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळाच. हिशोब चुकला, तर भुर्दंड कुणी भरायचा?

1877 साली जुनी मिल सुरू झाली, मोरारजी गोकुळदास यांची. साल लक्षात ठेवा. 1876 ते 78 हा मोठ्या दुष्काळाचा काळ. शेत करपलेलं, पोट रिकामं, म्हणजे माणसं शोधायला मिलला लांब जायची गरज नव्हती. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा मिल उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकरही आले.

पण कापडाची मागणी कमी-जास्त होते आणि कामगार दांड्याही मारतात. त्यावर गिरणीधंद्याने शोधलेला उपाय म्हणजे बदली कामगार. रोज गेटवर यायचं, कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. आत घ्यायचं की नाही, ते जॉबर ठरवणार. थोडक्यात, मिलचं नियोजन पक्कं, कामगाराचं चुलीपर्यंत कच्चं.

आणखी एक सोय सरकारनेच केली होती. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली कैकाडी, पारधी अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट'मध्ये ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. इथली माणसं मिलमध्ये कामाला जात. काम सोडून गावी पळून जाणार नाही असा कामगार! मालकाला याहून काय हवं? 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. विमुक्त दिन आपण त्याचाच पाळतो. सोलापुरात त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात.

आता हातातला मोबाईल बघा. डिलिव्हरीवाला पोरगा हॉटेलबाहेर गाडीवर बसून ऑर्डरची वाट बघतो. ऑर्डर आली तर पैसे, नाही आली तर पेट्रोल त्याच्याच खिशातलं. जॉबरच्या जागी ॲप आलंय, गेट मात्र तेच.

म्हणून उद्या कुणी 'आमच्याकडे फ्लेक्झिबल काम आहे' म्हणालं, तर एवढंच विचारा: काम नसेल त्या दिवसाचं काय?

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात कुणी मिलमध्ये होतं का? त्यांना बोलतं करा, आणि आम्हालाही कळवा.