नाटक मंडळी

मराठी नाटकांचे प्रयोग करीत गावोगाव फिरणारी व्यावसायिक नटसंस्था. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सु. १९३५ पर्यंत मराठी रंगभूमीचा व्यवहार मुख्यत्वे अशा मंडळ्यांच्या हाती होता. नट, साथीदार, रंगपटातील माणसे, आचारी व गडी यांचे एकत्र बिऱ्हाड हे तिचे वैशिष्ट्य होय. रंगमंचावरील वैभव आणि या बिऱ्हाडाचा खर्च यांचा मेळ तिकिटांच्या उत्पन्नातून घालावा लागे. मंडळ्यांचा उत्कर्ष व ऱ्हास ही दोन्ही याच गरजेशी निगडित आहेत.

उगम : सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा प्रयोग केला. चिंतामणरावांच्या निधनानंतर (१८५१) हा आधार तुटला व भाव्यांची मंडळी दौऱ्यावर निघाली. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिने तिकीट लावून प्रयोग केले. राजाश्रयाची जागा अशा रीतीने लोकाश्रयाने घेतली. भाव्यांच्या नाटकात पदे म्हणण्याचा भार सूत्रधारावर असे. अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) यांनी संगीत शाकुंतलात (१८८०) ती पात्रांच्या तोंडी घातली. तेव्हापासून गायक नट हा मंडळीचा आधारस्तंभ ठरला.

अंतर्गत व्यवस्था : मंडळीचे स्वामित्व एका मालकाकडे किंवा काही भागीदारांकडे असे, इतर नट पगारी असत. निवास व भोजन मंडळीकडे असे. गोड गळ्याची मुले लहानपणीच दाखल होत. तालीममास्तर त्यांच्याकडून पाठांतर व हावभाव घोटवून घेत आणि छोट्या भूमिकांतून ती पुढे येत. राम गणेश गडकरी यांनी उमेदवारीच्या काळात किर्लोस्कर मंडळीतील मुलांना शिकविण्याचे काम केले होते. स्त्रीभूमिका पुरुषच करीत. भाऊराव कोल्हटकर व पुढे बालगंधर्व (१८८८–१९६७) यांची कीर्ती त्यांवरच उभी राहिली. पडदे, पोशाख व दिव्यांच्या पेट्या घेऊन मंडळी एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी जाई. रंगविलेल्या पडद्यांनी अनेक चित्रकारांना काम दिले. चित्रपटमहर्षी बाबूराव पेंटर यांच्या कलेची जडणघडणही पडदे रंगविण्याच्या या कामातून झाली.

प्रेक्षक : रात्री सुरू झालेला प्रयोग बहुधा पहाटेपर्यंत चाले. खुर्च्यांवरील प्रतिष्ठित, पिटातील सामान्य रसिक आणि स्वतंत्र जागी बसणाऱ्या स्त्रिया अशी प्रेक्षकांची विभागणी असे. आवडत्या पदाला ‘वन्समोअर’ मिळाला की नट ते पुन्हा गाई. त्यामुळे सामान्य माणसाच्या कानी शास्त्रोक्त संगीताचे संस्कार झाले. मात्र कथानकाचा ओघ खंडित होई आणि संवादांपेक्षा गायनालाच महत्त्व येई. गंधर्व नाटक मंडळीने (स्थापना १९१३) अहमदजान तिरखवाँ व कादरबक्ष यांच्यासारखे साथीदार बाळगले आणि उंची पोशाख व सजावट यांवर सढळ खर्च केला. मंडळी कर्जात बुडाली, तेव्हा बालगंधर्वांनी ते कर्ज प्रयोगांच्या उत्पन्नातून फेडले. ८ जुलै १९२१ रोजी गंधर्व व ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त मानापमान सादर केले. केशवराव भोसले (१८९०–१९२१) व बालगंधर्व यांच्या भूमिकांमुळे हा प्रयोग अविस्मरणीय ठरला.

ऱ्हास : बोलपटाच्या आगमनाने (१९३१) कमी दरात व थोड्या वेळात संगीत आणि अभिनय यांची करमणूक उपलब्ध झाली. अनेक नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. नटही चित्रपटांकडे वळले. बालगंधर्वांनी स्वतः प्रभात कंपनीच्या धर्मात्मा (१९३५) या चित्रपटात काम केले. तथापि ऱ्हासाचे खापर केवळ बोलपटावर फोडता येत नाही. उत्पन्न घटले तरी बिऱ्हाडाचा खर्च कमी होत नव्हता. बहुतेक मंडळ्यांची मदार एकाच गायक नटावर असल्याने त्याचे वय वाढले वा तो गेला, की मंडळी खचे. शिवाय नाट्यमन्वंतर संस्थेच्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकाने स्त्रीभूमिकांत स्त्रिया आणि आटोपशीर रचना यांचा आदर्श पुढे ठेवला. पुढील काळात प्रयोगागणिक मोबदला घेणाऱ्या नटांची पद्धती रूढ झाली. तीमुळे निर्मात्याचा कायमचा भार हलका झाला. परंतु मंडळीच्या बिऱ्हाडात लहानपणापासून वर्षानुवर्षे मिळणारे अभिनय-गायनाचे शिक्षण त्याबरोबरच खंडित झाले.