तारीख मोबाईलवर आली, निकाल कधी येईल?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण धुऱ्याचा वाद किंवा वाटणीचा दावा नाही असं घर आपल्या वऱ्हाडात शोधावं लागेल. ती पायरी आपल्यापासून किती लांब, हाच आपल्या कोर्टांचा इतिहास आहे.

१८५३ च्या तहानं निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला. ९ जानेवारी १९३६ ला नागपूरला हायकोर्ट झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली, तिथं मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं. सरकार मुंबईचं झालं, पण अपिलाची गाडी नागपूरचीच राहिली. अकोल्याहून अडीचशे किलोमीटर.

मग कॉम्प्युटर आला. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मुंबईतल्या डॉ. प्रफुल्ल देसाई खटल्यात साक्ष व्हिडिओवरून घेता येते असं सांगितलं. २००४ मध्ये ई-कमिटी नेमली गेली, २००७ मध्ये ई-कोर्ट प्रकल्प सुरू झाला. प्रत्येक केसला १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळाला. २०२० च्या कोरोनात सुनावण्या पडद्यावर गेल्या. त्याच ऑक्टोबरात नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला वाहतूक चलानांचं व्हर्च्युअल कोर्ट सुरू झालं. दंड भरायला कोर्टात जायचं काम उरलं नाही.

हे सगळं चांगलंच आहे. कोर्टाच्या बातम्या करताना पाहिलेलं सांगतो. पूर्वी धारणीचा माणूस दीडशेक किलोमीटर एसटीनं अमरावतीला यायचा. मजुरी बुडवून दिवसभर पुकाऱ्याची वाट पाहायचा. संध्याकाळी वकिलाचा कारकून सांगायचा, "आज साहेब रजेवर हायेत बाप्पा, पुढची तारीख घ्या." आता पुढची तारीख मोबाईलवर दिसते. तेवढ्यासाठी गाडीभाडं जात नाही.

पण तारीख दिसणं वेगळं अन् केस पुढं सरकणं वेगळं. न्यायाधीशाची जागा रिकामी असेल, समन्स बजावलं नसेल, साक्षीदार आला नसेल, तर ॲप काय करणार? ते फक्त नवी तारीख दाखवणार. पूर्वी किती केसेस पडून आहेत ते कपाटाला माहीत होतं, आता राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर साऱ्या देशाला दिसतं. दिसलं म्हणजे मिटलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रानं तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर केले. त्यातले २,०३८ कोटी जुनी कागदपत्रं स्कॅन करून जतन करायला. आपल्याकडं हे फार गरजेचं आहे, कारण आजोबाच्या वाटणीचा कागद वाळवीनं खाल्ला की नातवाचा हक्क गेला. पण जुने कागद मोडीत आहेत. फोटो निघेल, वाचणार कोण? मोडी वाचणारी माणसंही याच पैशातून तयार व्हावीत.

१४ मे २०२५ ला आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले. जुलैत त्यांच्याच हस्ते दर्यापूरच्या नव्या कोर्ट इमारतीचं उद्घाटन झालं. मोबाईल आला तरी जवळचं कोर्ट लागतंच. आणि त्या कोर्टात बसायला न्यायाधीशही लागतो. आपल्या आमदार-खासदारांना इमारतीसोबत हेही विचारा.

तुमच्या घरची केस किती वर्षांची? कमेंटमध्ये फक्त वर्षं लिहा, नाव नको.